मे महिन्यात आमची मुले कुठे असतात?

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके गळू लागतात. 'उन्हाळी कला शिबिर', 'बालनाट्य कार्यशाळा', 'सुट्टीतली गंमतशाळा'. वय वर्षे सहा ते पंधरा. चित्रकला, मातीकाम, ओरिगामी, मुखवटे, अभिनय, हस्ताक्षर. वेळ सकाळी नऊ ते अकरा. प्रवेश मर्यादित. आणि सगळ्यात खाली एक ओळ असतेच असते : 'सर्वांसाठी खुले'.

ही पत्रके आम्ही काही वर्षे जमवत आलो आहोत. त्यांतील चित्रांपेक्षा आम्ही पत्ते वाचतो. आम्ही सोलापूरचे. विजापूर वेस, बेगम पेठ, नई जिंदगी या वस्त्यांतला एकही पत्ता आमच्या हातात आलेल्या पत्रकांवर आजवर आढळला नाही. शिबिरे होतात ती कॉलन्यांत, सोसायटीच्या हॉलमध्ये, इंग्रजी आणि मराठी माध्यमाच्या नावाजलेल्या शाळांत. मग 'सर्वांसाठी' या शब्दातले 'सर्व' कोण, हा प्रश्न विचारणे आम्हाला भाग आहे.

पण त्याआधी दुसरा प्रश्न. मे महिन्यात आमची मुले कुठे असतात?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून याचे उत्तर आम्हाला हजेरीपटासारखे पाठ आहे. पहाटे फज्रनंतर ती मकतबमध्ये असतात. तिथून सुटली की थोरली मुले गॅरेजमध्ये पाने-पोपट हातात घेऊन मोटारसायकलखाली शिरलेली असतात. काही टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतात. काही हॉटेलात पाण्याचे ग्लास भरतात. मुली घरी धाकट्यांना सांभाळतात, लग्नाच्या घरी मेंदी काढायला जातात, आरीवर्कच्या चौकटीवर मान मोडून बसतात. उरलेली मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर एका मोबाईलवर सहा डोकी घालून उभी असतात. कुणी नानीच्या गावी जातात. रंगाची पेटी घेऊन सावलीत बसलेले मूल आम्हाला मे महिन्यात आमच्या गल्लीत दिसत नाही.

आम्हाला जे म्हणायचे आहे ते आरंभीच म्हणून टाकतो. उन्हाळी कला शिबिर ही खात्यापित्या घरांची चैन आहे, हा आमचा समज चुकीचा आहे. आमच्या मुलांसाठी ते जूनमध्ये शाळेत परत येण्याचा धागा आहे. हा धागा आमच्या हाती येऊ नये म्हणून बाहेरचे आणि आतले असे दोघेही नकळत एकच काम करीत आहेत, आणि त्यांच्यामध्ये आम्ही शिक्षक हात बांधून उभे आहोत.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही सहावी-सातवीची नऊ मुले एका कॉलनीतल्या कला शिबिरात घेऊन गेलो. फी आमच्यापैकी तिघांनी मिळून भरली. संयोजक सुसंस्कृत होते, हसून स्वागत केले. फॉर्म भरताना नावे वाचली आणि अगदी साध्या, निर्मळ कुतूहलाने त्यांनी विचारले, "सर, तुमच्या लोकांत चित्र काढलेलं चालतं का?"

त्याच आठवड्यात, जुमाच्या नमाजनंतर, मशिदीच्या पायऱ्यांवर गल्लीतल्या एका बुजुर्गांनी आमचा हात धरला. आवाजात राग नव्हता, काळजीच होती. म्हणाले, "सर, बच्चों को तस्वीरां सिखाने लेके जा रहे कते तुम? अपने में ये चलता क्या?"

वाचकहो, ही दोन माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. भेटली तर बहुधा एकाही गोष्टीवर त्यांचे एकमत व्हायचे नाही. पण मुसलमानाच्या मुलाचा आणि रंगाचा संबंध नाही, या एका गोष्टीवर दोघांचे संपूर्ण एकमत आहे! एका खोलीला दोन दारे असावीत आणि दोन्ही दारांना एकाच लोहाराची कडी असावी, तसे हे आहे. आणि त्या खोलीत आमची मुले बसली आहेत.

त्या नऊ मुलांचे काय झाले तेही सांगतो. पहिल्या दिवशी ती भिंतीला टेकून एका रांगेत बसली, जणू कुणी शिक्षा केली आहे. शिकवणाऱ्या ताई भल्या होत्या, पण सूचना भराभर मराठीत देत होत्या. आमच्या मुलांना मराठी येत नाही असे नाही. पुस्तकातले मराठी येते. 'आता छान वॉश मारा आणि मग डिटेलिंगला या' हे पुस्तकात नसते. दुसऱ्या दिवशी विषय मिळाला, 'माझा आवडता सण'. फळ्यावर उदाहरणे लिहिली होती. दिवाळी, गणपती, होळी, नाताळ. आमचा एक मुलगा उठून हळूच म्हणाला, "मॅडम, ईद चलेगा?" ताई लगेच म्हणाल्या, "अरे, चालेल की!" त्यांचा होकार खरा होता. पण फळ्यावर ती दोन अक्षरे आधी का आली नाहीत, हे त्या बारा वर्षांच्या पोराला कळले नसेल असे कुणी समजू नये. चौथ्या दिवसापासून मुले गळू लागली. रिक्षाचे जाऊन-येऊन भाडे, मुलींना एवढ्या लांब पाठवायला घरचे तयार नाहीत, शेवटच्या शुक्रवारचा समारोप नेमका जुमाच्या वेळेला. दहाव्या दिवशी प्रमाणपत्र घ्यायला नऊपैकी तीन मुले होती.

आम्ही त्या संयोजकांवर दुजाभावाचा आरोप करीत नाही. तसा आरोप करणे सोपे आहे आणि आमच्या सभांतून त्याला टाळ्याही मिळतात. पण दार बंद करायला दर वेळी वाईट मन लागतेच असे नाही. पत्ता, फी, वेळ आणि भाषा या चार गोष्टी ठरवताना आपल्यासारखीच घरे डोळ्यांसमोर ठेवली की दार आपोआप लागते. 'सर्वांसाठी खुले' असे छापल्याने ते उघडत नाही. ज्यांना ते खरेच उघडायचे असेल त्यांनी दहा दिवसांतले पाच दिवस आमच्या शाळेत येऊन शिबिर घ्यावे. आमच्या मुलांना तुमच्या हॉलमध्ये बोलावणे हे औदार्य झाले. तुमच्या मुलांना घेऊन आमच्या वर्गात येणे ही बरोबरी होईल. आम्हाला औदार्य नको आहे.

आता घरातल्या दाराकडे वळू. बाहेरच्यांना चार शब्द सुनावून आतल्यांपुढे मान खाली घालायची, ही आपल्या लिहिणाऱ्यांची जुनी खोड आहे. ती आम्हाला करायची नाही.

सजीवांची चित्रे काढण्याबद्दल कडक हदीस आहेत, हे आम्ही नाकारत नाही. आम्ही आलिम नाही आणि फतवे देण्याचा आमचा अधिकार नाही. पण जे आमच्या मौलानांनीच आम्हाला शिकवले ते आठवून देण्याचा अधिकार आहे. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत असत, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना खेळू दिले, हे हदीसमध्येच आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला सजीवांच्या चित्रांबद्दल ताकीद दिली आणि पुढे असेही सांगितले की काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत प्राण नाही अशा वस्तू काढ. म्हणजे त्या माणसाची कला हिरावून न घेता तिला रस्ता दाखवला गेला. आम्ही मात्र तो रस्ता विसरलो आणि नुसती बंदी लक्षात ठेवली.

ज्या घराला सजीव चित्र पटत नाही त्या घराच्या भावनेचा आम्ही आदर करतो. त्या घरातल्या मुलाने माणूस काढू नये. पण झाड आहे, डोंगर आहे, उजनीचे पाणी आहे, सुरई आहे, वेलबुट्टी आहे, अक्षर आहे. बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळ्या पाहा. अहमदनगरच्या (आज अहिल्यानगर) दमडी मशिदीच्या दगडातली नक्षी पाहा. आमच्यापासून शंभर किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या आदिलशाही इमारती पाहा. कंपास आणि पट्टी घेऊन दगडावर गणित मांडणारी ही माणसे कोण होती? ज्या समाजाने खत्ताती जगाला दिली, त्या समाजातल्या मुलाचे उर्दू हस्ताक्षर आज कोंबडीने पाय ओढल्यासारखे असते. कारण बोरूची कलम कशी धरतात हे त्याला कुणी दाखवलेच नाही. हे इस्लामने केलेले नाही, आमच्या आळसाने केले आहे.

आणि थोडे स्पष्टच बोलू. निकाहाचे व्हिडिओ शूटिंग आपल्याकडे होते. उमऱ्याला गेलेले लोक हरमच्या आवारातून सेल्फी पाठवतात. निवडणुकीत आपल्याच पुढाऱ्यांचे बारा फुटी चेहरे मोहल्ल्याच्या कमानीवर लटकतात. त्या वेळी कुणाला तस्वीर आठवत नाही. ती आठवते फक्त एखाद्या दहा वर्षांच्या पोरीने खडूने फरशीवर मोर काढला की! सगळ्या चित्रांपैकी एका लेकराच्या हातातले चित्रच तेवढे आमच्या ईमानला धोका वाटावे, याचा अर्थ आम्ही स्वतःला विचारायला हवा.

याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. मुंबईत येऊन त्यांनी सिनेमाची होर्डिंगे रंगवली. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' उभा केला. त्यातले आरा हे मुंबईत घरगडी म्हणून राबलेले आणि मोटारी धुतलेले. आज आपण मोठ्या कौतुकाने 'आपला हुसेन' म्हणतो. पण त्यांचे काय झाले? देवतांच्या चित्रांवरून १९९८ साली त्यांच्या मुंबईतल्या घरावर हल्ला झाला, खटले झाले, आणि २००६ पासून ते देशाबाहेर राहिले. ही गोष्ट आपण सगळे सांगतो. दुसरी गोष्ट आपण सांगत नाही. २००४ साली त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका गाण्यावर आपल्यातल्या काही उलेमांनी आक्षेप घेतला आणि तो चित्रपट चित्रगृहांतून काढून घ्यावा लागला. २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पंढरपूरच्या मुलाला दोन्ही दारे बंद मिळाली. हुसेन मोठे होते, त्यांना जगाने जागा दिली. आमच्या सातवीतल्या पोराला कोण देणार?

तिसरा आक्षेप धर्माचा नाही, पोटाचा आहे, आणि आमच्या मते तोच सगळ्यांत वजनदार आहे. "सर, ऐसे कामां सिखाके क्या करते? पेट भरता क्या?" हा प्रश्न आम्हाला एका मुलाच्या वडिलांनी विचारला. ते रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. त्यांच्यापुढे आम्हाला कलेचे महत्त्व सांगवेना. ते म्हणाले, दोन महिने गॅरेजमध्ये बसेल, हाताला हुनर लागेल, चार पैसे घरी येतील.

हा मुलगा म्हणजे त्या नऊ जणांतला तोच, 'ईद चलेगा' विचारणारा. चौथ्या दिवशी त्याने शिबिर सोडले ते गॅरेजसाठी. त्याने काढलेले ईदचे चित्र आमच्याकडे आहे. त्यात माणूस एकही नाही. मशिदीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आहे, वेगवेगळ्या मापांच्या आणि रंगांच्या शंभर चपला, आणि एका कोपऱ्यात अगदी छोटे नवे बूट. आम्ही ते चित्र शिबिरातल्या ताईंना दाखवले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली. आठवीच्या हजेरीपटावर त्याचे नाव आम्हीच लिहिले. तो आला नाही. ऑगस्टमध्ये गॅरेजमध्ये भेटला तेव्हा हात मागे लपवत म्हणाला, "सर, सेठ छोड़ता नहीं."

शाळा सुटण्याची बातमी कधीच एका दिवसात येत नाही. 'दोन महिन्यांसाठी' म्हणून मूल कामाला लागते, हातात पैसा येतो, आणि जून उजाडतो तेव्हा शाळा हे तोट्याचे काम वाटू लागते. मुली तर त्याहून चुपचाप जातात. मे महिन्यात घरची कामे अंगावर पडतात, मग 'अब घर में हाथ हो गया है' म्हणून राहून जातात. आमच्या अनुभवात सातवी-आठवीची गळती मार्च-एप्रिलच्या परीक्षेत दिसत नाही, ती मे महिन्यात तयार होते. कायद्यालाही हे दार माहीत आहे. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. पण त्याच दुरुस्तीत एक फट ठेवली आहे : शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मूल कुटुंबाच्या व्यवसायाला, तो धोक्याचा नसेल तर, मदत करू शकते. 'सुट्टीत' या एका शब्दातून आमची किती मुले बाहेर जातात, आणि किती गॅरेजवाले अचानक त्यांचे 'मामू' होतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो.

म्हणून त्या वडिलांना आमचे उत्तर असे : भाईजान, चित्राने पोट भरते असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की मे महिन्यात रोज सकाळी दोन तास तुमचा मुलगा शाळेच्या फाटकातून आत आला, तर जूनमध्येही येईल. त्याच्या पायांची ही वाट मोडू देऊ नका. त्या दोन तासांत आम्ही त्याला पाढे पाठ करायला लावले तर तो पळेल. रंग दिला तर थांबेल. बाकी हुनर म्हणाल तर ते आहेच. डोळा बसतो, हात स्थिर होतो, माप कळते. गॅरेजलाही हेच लागते आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगलाही.

आता आमची पाळी. बी.एड.च्या वर्षी आम्ही 'बालकाचा सर्वांगीण विकास' या प्रश्नाचे उत्तर चार पाने भरून लिहिले आणि चांगले गुण मिळवले. शाळेत रुजू झाल्यावर वेळापत्रकातला चित्रकलेचा तास आम्ही पहिल्या महिन्यातच गणितासाठी घेतला. आम्हीच नव्हे, सगळेच घेतात. कुणाची तक्रार येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. आमच्या शाळेचा पट शंभराच्या बराच वर आहे. निदेशकाची खुर्ची रिकामी आहे. आमच्यापैकी किती शिक्षकांनी, किती संस्थाचालकांनी याबद्दल एक कागद तरी लिहिला? अनुदानासाठी, बदलीसाठी, वेतनश्रेणीसाठी आम्ही मोर्चे काढतो. रंगासाठी कधी काढला?

दुसरे उदाहरण घ्या. शासनाच्या रेखाकला परीक्षा आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. राज्यभरातली मुले त्यांना बसतात आणि त्यातल्या यशाबद्दल दहावीला वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय आहेत. यातले स्मरणचित्र वगळले तर बाकीच्यांत माणूस काढण्याची गरजच पडत नाही. नक्षी, भूमिती, अक्षर! हे तर आमच्या आजोबांचे विषय. तरी आमच्या शाळेतून इतकी वर्षे एकही फॉर्म गेला नव्हता, कारण 'आपल्याकडे ड्रॉइंग टीचर नाही'. मुलांचे हक्काचे गुण आम्ही दर वर्षी सोडून देत होतो आणि मग दहावीच्या निकालावर मागासलेपणाची भाषणे करीत होतो.

हे सगळे मनात टोचत होते म्हणून २०२४ च्या मे महिन्यात आम्ही चौघा शिक्षकांनी शाळेतच दहा दिवसांचे शिबिर घेतले. संस्थेची परवानगी मिळायला वेळ लागला. सुट्टीत पंख्यांचे बिल कोण भरणार, या प्रश्नावर एक बैठक गेली. अखेर मिळाली. मकतबच्या मौलानांना आम्ही आधी जाऊन भेटलो. त्यांनी विचारले, काय काय शिकवणार? आम्ही यादी दाखवली. त्यांनी एक ओळ स्वतः वाढवली, 'खत्ताती', आणि म्हणाले, "वो मैं सिखाऊँगा." जे भांडण होईल म्हणून आम्ही धास्तावलो होतो ते भांडण झालेच नाही. आम्ही आजवर त्यांना विचारलेच नव्हते!

वेळ ठेवली साडेसात ते दहा. मकतब सुटल्यावर आणि सोलापूरचे ऊन तापायच्या आत. शिकवायला बाहेरून कुणी मोठा चित्रकार बोलावला नाही. गल्लीतले एक पेंटर चाचा आले. फ्लेक्स आल्यापासून त्यांचा दुकानाच्या पाट्या रंगवण्याचा धंदा बसला आहे. त्यांनी मोकळ्या हाताने देवनागरी आणि उर्दू अक्षर फळ्यावर काढले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी डोळे पुसले ते घामासाठी की कशासाठी, आम्ही विचारले नाही. ताबुतांवर कागदी नक्षी कातरणाऱ्या एका कारागिरांनी पतंगाच्या कागदाची घडी घालून जाळी कशी कापायची ते दाखवले. ताबूत करावेत की नाही यावर आपल्यात वाद आहे. कात्रीवर वाद नाही. मेंदीवाल्या दोन मुलींनी, ज्या आमच्याच माजी विद्यार्थिनी, मेंदीचा कोन घेऊन कागदावर बुट्टी शिकवली. रंग म्हणून गेरू, चुना, हळद, नीळ आणि काही विकतचे डबे. कागद म्हणून जुन्या कॅलेंडरची पाठ. फी शून्य. दहा दिवसांत आम्हा चौघांच्या खिशातून मिळून जे गेले ते एका शिक्षकाच्या एका दिवसाच्या पगारापेक्षा फार नव्हते.

आम्ही याची जाहिरात करीत नाही. खूप काही चुकले. नळाला पाणी येण्याच्या दिवशी निम्मी मुले घागरी भरायला घरी राहिली. पाचवीची आणि नववीची मुले एकत्र बसवल्याने गोंधळ झाला. मोठी मुले पहिले दोन दिवस 'बच्चों का काम' म्हणून दाराशीच उभी राहिली, पाट्या रंगवायला लागल्यावर आत आली. पण शिबिराला आलेल्या अडतीस मुलांपैकी जूनमध्ये छत्तीस शाळेत आली. उरलेल्या दोघांच्या घरी आम्ही गेलो. एक परत आला. दुसरीचे लग्न ठरले होते. ती सोळाचीही नव्हती. तिथे आम्ही हरलो आणि ते इथे लिहून ठेवतो. त्या वर्षी शाळेतून एलिमेंटरीचे पहिले अकरा फॉर्म गेले.

गॅरेजमधला तो मुलगा मात्र परत आला नाही. शिबिराच्या सहाव्या दिवशी तो दहा मिनिटांसाठी फाटकापाशी येऊन गेला, एवढे वॉचमनने सांगितले.

म्हणून या पानांवरून आम्हाला काही जणांशी बोलायचे आहे. संस्थाचालकांनो, मे महिन्यात शाळेला कुलूप लावून तुम्ही इमारत वाचवता, मुले गमावता. दहा दिवस दोन वर्ग उघडे ठेवा. मशीद कमिटीच्या बुजुर्गांनो, मकतबनंतर मूल कुठे जाते हे एकदा त्याच्या मागे चालत जाऊन पाहा, मग ठरवा की धोका रंगात आहे की रस्त्यात. कॉलनीतल्या शिबिर-संयोजकांनो, 'सर्वांसाठी खुले' ही ओळ पत्रकातून काढा, किंवा ती खरी करायला आमच्या शाळेत या. चहा आम्ही पाजू. फळ्यावर सणांची यादी लिहाल तेव्हा तुम्हाला कुणी विचारण्याआधी ईद लिहा.

आणि मुस्लिम मराठी लेखकमित्रहो! १९९० साली याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हा आपल्या आधीच्या पिढीने सांगितले की मराठी ही आमचीही भाषा आहे. तेव्हापासून आपण संमेलने घेतो, ठराव करतो, आपल्या अनुभवाला साहित्यात जागा नाही म्हणून खंत करतो. ती खंत खरी आहे. पण उद्याचा लेखक, उद्याचा चित्रकार आज तेरा वर्षांचा आहे आणि या मे महिन्यात तो कुठे बसणार आहे हे आपल्याला माहीत नाही. एका संमेलनाच्या मांडवाच्या खर्चात किती शाळांतून किती वर्षे शिबिरे होतील, याचा हिशेब एकदा मांडावा, एवढी आमची विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातून दोन सकाळी आपल्या जवळच्या उर्दू शाळेत द्याव्यात. गोष्ट सांगा, नाटुकले बसवा, अक्षर काढा. मुलांना तुमचे मराठी समजेल. नाही समजले तर ती विचारतील.

ते चपलांचे चित्र आम्ही शाळेच्या भिंतीवर लावले आहे. दर जूनमध्ये नवी मुले त्याच्यापुढे थांबतात आणि विचारतात, हे कुणी काढले? आम्ही नाव सांगतो. मग विचारतात, तो कोणत्या वर्गात आहे?

यावर आमच्याकडे उत्तर नाही. पुढच्या मे महिन्यात आणखी एका मुलाबद्दल हाच प्रश्न आम्हाला ऐकायचा नाही.